नावाड्याची पोरगी

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो बाबांच्या मांडीवर बसून. हिंगण्याच्या ज्या कंपनीत ते प्रेस शॉपमध्ये होते, तिथल्या ऑफिसात नवी यंत्रं आली आणि जुनी कामगारांत चिठ्ठ्या टाकून वाटली. बाबांची चिठ्ठी निघाली. कंपनीच्या बसमध्ये त्यांनी मॉनिटर मांडीवर घेतला, खालचा डबा दोन पायांच्या मध्ये धरला आणि प्रताप नगरच्या चौकापर्यंत तसेच अवघडून बसून आले. बसमधला जो तो विचारत होता, "काय गा, टीव्ही घेऊन चालला का?" चौकातून दोघा जणांनी हातभार लावून तो आमच्या वरच्या मजल्यावर चढवला. आईने त्या दोघांना सांभारवडी खाऊ घातली, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं आणि लगेच त्यावर क्रोशाचं झाकण टाकलं. ते झाकण कोणी काढायचं, कधी काढायचं, किती वेळ काढून ठेवायचं, याची भांडणं त्याच दिवशी सुरू झाली. त्या भांडणांपायी मी काय करून बसले ते आज लिहायला घेतलं आहे. लिहून हलकं वाटेल अशी काही आशा नाही, पण मनात ठेवून ठेवून आता मला माझाच कंटाळा आला आहे.

घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. पुढच्या खोलीत पलंग, आईचं शिलाई मशीन, कॉम्प्युटरचं टेबल आणि खिडकीत कूलर. नागपूरचा कूलर ज्यांनी ऐकला नाही त्यांना काय सांगावं! मार्चमध्ये तो एकदा सुरू झाला की पाऊस येईपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस ओरडून बोलायचं. 'मीठ दे' म्हटलं तरी शेजाऱ्यांना वाटावं की भांडण लागलं. त्यात आईच्या मशीनची टकटक, मागच्या खोलीत कुकर, खाली घरमालकांची पाण्याची मोटर. या सगळ्या गोंगाटात बाबांचे कान हळूहळू जात होते, आणि आमच्यापैकी कोणालाही ते कळलं नाही. प्रेस शॉपमध्ये दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. कानात घालायला रबरी बुचं मिळत, पण ती घातली की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही म्हणून कोणी घालत नसे. पावसाळ्यात कूलर बंद झाला तरी बाबा ओरडूनच बोलायचे, तेव्हा आई म्हणायची, "कूलर बंद केला मी, आता तुम्हीबी बंद व्हा." आम्ही हसायचो. बाबासुद्धा हसायचे. कानाचं कंपनीत कोणाला कळलं असतं तर त्यांना मशीनवरून उचलून गेटवर नाही तर स्टोअरमध्ये बसवलं असतं, आणि मशीनवर उभं राहणं हाच बाबांचा सगळा मान होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि आता त्याचं लोणचं घालायचं का?

तर त्या कॉम्प्युटरमध्ये ऑफिसातल्या कुण्या हौशी साहेबाने एक गेम ठेवून दिला होता. ऑर्व्हेन त्याचं नाव. त्याची सीडी नव्हती, डबी नव्हती. डब्याच्या पोटात होता तेवढाच. उंचावरून पाहावं तसं चित्र, त्यात डोंगर, नदी, गावं, भुयारं, आणि सगळीकडे हिंडणारी बोटाएवढी माणसं. आपली एक तलवारवाली बाई, तिच्यासोबत एक म्हातारा जादूगार आणि एक चोर. कोणाशी बोलायचं तर त्याच्यावर क्लिक करायचं. मग खाली एका चौकटीत तो काय म्हणतो ते इंग्रजीत उमटायचं, आणि उत्तरादाखल तीन-चार वाक्यं यायची, त्यातलं एक आपण निवडायचं. बोलण्याचा आवाज नव्हताच. ती अक्षरं मात्र आपण बटण दाबेपर्यंत तिथंच थांबायची. पाच मिनिटं घ्या, तासभर घ्या, समोरचा माणूस तोंड वाकडं करायचा नाही. माझ्या बाबांशी इतक्या सबुरीने तोवर कोणीच बोललं नसेल.

बाबा मराठी शाळेत दहावी आणि मग आयटीआय. इंग्रजी त्यांनी कधी बोललं नाही, पण वाचायचा त्यांना भारी नाद. खिशातली डिक्शनरी, तिच्या पानांवर ग्रीसचे अंगठे. एक शंभर पानी वही घेतली आणि गेममधला प्रत्येक नवा शब्द ते तीत उतरवायचे. शपथ, दगा, नावाडी, वारस, शाप. पहिल्या शिफ्टहून आले की हातपाय धुवायचे, ताटात जे असेल ते, झुणका-भाकर म्हणा, गोळाभात म्हणा, भरभर संपवायचे आणि झाकण काढायचे. मी शेजारी स्टुलावर. माऊस माझ्या हातात, कारण त्यांच्या जाड बोटांना तो सरकून जायचा. वाचणं आणि ठरवणं त्यांचं. उच्चार मात्र विचारू नका. नाइटला ते 'क्निघ्ट' म्हणत, सोर्डला 'स्वोर्ड'. कानाने कधी ऐकलेलं नाही, डोळ्याने पाहिलेलं तेवढं खरं. कॉन्व्हेंटमध्ये नसले तरी मी नववीत होते आणि मला त्याची लाज वाटायची. "बाबा, सोर्ड म्हणा हो. डब्ल्यू सायलेंट असते." ते म्हणायचे, "सायलेंट आहे त् लिहिला काहून मग?"

त्या तलवारवाल्या बाईला नाव द्यावं लागायचं, तर बाबांनी आईचंच नाव दिलं, शोभा. आई आधी लाजली, मग वैतागली, कारण बाबांचा आवाज असा चढलेला, आणि एकदा भुयारात राक्षसाने त्या बाईला लोळवलं तेव्हा ते ओरडले, "शोभा मेली वं, पनू! शोभा मेली!" घरमालकीणबाई पदर सावरत जिना चढून धावत आल्या. आई कणकेच्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, "मी जित्ती आहे अजून. बसा, पोहे करते." पनू म्हणजे मी, प्रणिता. आवाज एवढा का चढतो असं त्या दिवशी कोणाच्या मनात आलं नाही, आलं ते एवढंच की माणूस गेमपायी येडा झाला.

बाबांची खेळायची रीत म्हणजे डोक्याला ताप. मला मारामारी हवी असायची, त्यांना सगळ्यांशी बोलायचं असायचं. गावात शिरलं की घराघरात जाऊन विचारपूस. गंजलेला खिळा सापडला तरी उचलायचा, "राहू दे, कामी येते." आणि एका घाटावर तो नावाडी होता. त्याची पोरगी नदीपलीकडच्या जंगलात हरवली होती. तो फक्त एवढंच म्हणायचा की माझी मुलगी सापडली तर मला येऊन सांगा. गेमच्या मूळ गोष्टीशी त्याचा काही संबंध नव्हता, ते काम केलं नाही तरी पुढे जाता यायचं, आणि मी एकटी असते तर कधीच पुढे गेले असते. पण नदी ओलांडायला त्याची नाव लागायची, आणि दर वेळी तो तेच वाक्य म्हणायचा, आणि बाबा दर वेळी ते वाक्य पहिल्यांदा वाचल्यासारखं पूर्ण वाचायचे. "रोज तेच विचारून राहिला वं बिचारा. काय सांगाव त्याले?" आम्ही तिचा माग काढत होतो. एक चप्पल सापडली होती, एक वेणीतली फीत सापडली होती. जंगलाचा उत्तरेकडचा भाग पाहायचा राहिला होता.

अशात रश्मीने मला तिच्या घरी नेलं. रश्मी माझ्या वर्गातली, खामल्याला मोठं घर, तिच्या भावाचा नवाकोरा कॉम्प्युटर. त्यावर ऑर्व्हेन टू चालू होता. मी पाहतच राहिले. माणसं माणसांएवढी! डोळ्यांची उघडझाप करणारी, वाऱ्याने केस उडणारी, आणि बोलणारी. खरोखरच्या आवाजात, भरभर, कुजबुजत, ओरडत, हसत. मी म्हटलं, आमच्याकडे पहिला आहे, तर ती फिसकन हसली. "अबे, तू अभी तक वो चींटीवाला गेम खेलती है? पप्पा के साथ?" त्यातलं 'पप्पा के साथ' मला फार लागलं. घरी येताना तिने सीडी दिली आणि बजावलं, रविवारी परत हवी, पुढे दुसऱ्या कोणाला द्यायची आहे. आज मी मिहानमधल्या एका कंपनीत चाळीस जणांचं काम पाहते, कोण माझ्याबद्दल काय बोलतं त्याची मला दमडीची फिकीर नाही. तेव्हा एका मुलीच्या फिसकन हसण्यावर मी माझ्या बापाला मोडीत काढायला निघाले होते.

घरी सीडी घालून पाहिली तर जागा पुरेना. कॉम्प्युटरच्या पोटात दोन्ही मावत नव्हते. जुनं ठेवा नाही तर नवं घ्या, मधला रस्ता नाही, आणि जुनं एकदा काढलं की सीडी नसल्यामुळे ते परत कधी येणार नव्हतं. मी बाबांना सांगितलं. त्यांनी सीडीची डबी उलटीपालटी करून मागचं सगळं वाचलं. मग म्हणाले, "घे नं, नवं घे. तुह्या वयाच्या पोट्ट्यांनी नवंच खेळाव. फक्त आठ दिवस थांब. नावाड्याची पोरगी सापडू दे. त्याले सांगतो, मग काढून टाक." मी म्हटलं, रविवारी सीडी परत करायची आहे. ते म्हणाले, "मैत्रीण आहे नं तुही? आठ दिवस मागून घे." मी हो म्हटलं. रश्मीकडे आठ दिवस मागणं म्हणजे कशासाठी ते सांगणं आलं, आणि ते मला मेले तरी जमणार नव्हतं. म्हणून मी हो म्हणूनही मनात खदखदत राहिले, आणि रोज संध्याकाळी त्या जंगलात बाबा झाडामागून झाड शोधत असताना मला त्या पोरीचाच राग यायला लागला.

गुरुवार होता. आईला शिवलेली ब्लाउजं पोचवायला मागच्या गल्लीत जायचं होतं. तिने कुकरमध्ये तुरीची डाळ लावली, बाबांपाशी आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तीन बोटं दाखवली आणि म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करजा." बाबा म्हणाले, "हव." आई गेली. कूलर बंद होता, थंडीचे दिवस. त्या दिवशी माऊस त्यांच्याच हातात होता, कारण मी रुसून पलंगावर भूगोल उघडून बसले होते. घरात इतकं शांत होतं की खालच्या अंगणात बादलीत पडणारं पाणी ऐकू येत होतं. पहिली शिट्टी झाली. शिट्ट्या मोजायला आईने मला लहानपणीच शिकवलं होतं, अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवत जायचं म्हणजे बोलता बोलतासुद्धा चूक होत नाही. अंगठा आपोआप करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला. दुसरी. तिसरी. मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे तोंड करून, वाकून, ओठ हलवत वाचत होते. उठले नाहीत.

आता मी उठायला पाहिजे होतं. पाच पावलं होती. किंवा नुसतं "बाबा, गॅस" म्हणायचं. मी उठले नाही, म्हटलंही नाही. माझ्या मनात काय होतं ते मी लपवणार नाही. मनात होतं की होऊ दे. डाळ लागू दे, आईला येऊ दे, आईला भडकू दे, आणि आईच म्हणेल की हा गेम पहिले घराबाहेर काढा. मग मी वाईट होणार नाही. चौथी झाली, पाचवी झाली. शिट्टी म्हणजे काही थोडी नव्हे, मागच्या भिंतीवरची भांडी थरथरायची. मला वाटलं, काय माणूस आहे, इतकं बुडावं का एखाद्यानं! सहावी. सातवी. मग शिट्टी झालीच नाही, म्हणजे पाणी संपलं. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला, मग धूर आला आणि बाबा ताडकन उठून मागे पळाले. त्याच वेळी जिन्यात आईची चप्पल वाजली.

"माय वं!" आई दारातूनच ओरडली. कुकर उघडला तर आत डाळ नव्हे, कोळसा. "सात-आठ शिट्ट्या झाल्या असन! खालच्या बाई मले रस्त्यात सांगून राहिल्या का तुमचा कुकर थांबतच नाही. साऱ्या मोहल्ल्याले ऐकू आलं, तुम्हाले नाही आलं? कानात काय बोळे घातले होते?" बाबा नुसते उभे होते, हातात फडक्याने धरलेलं कुकरचं झाकण. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. मला वाटलं, पुस्तकाकडे पाहत आहेत, आता विचारतील की तू काय करत होतीस. पण ते म्हणाले, "गेममध्ये होतो, शोभा. ध्यान नाही राहिलं."

झालं. आई म्हणाली, "ते जुनं खटारं काढून टाक वं पनू. आत्ताच. नवं घाल, तू घंटाभर खेळशील अन् उठशील. यांच्या हाती हे राहिलं त् एखाद दिवशी घर जळते." मी बाबांकडे पाहिलं. निदान एकदा 'आठ दिवस' म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, "काढ." मी लगेच टेबलापाशी जाऊन बसले, कोणाचं मन बदलायच्या आत. तलवारवाली शोभा जंगलाच्या उत्तर टोकाला एका गुहेच्या तोंडाशी उभी होती. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढायचं का? बाबा माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "नावाड्याले सांगायचं राहिलं." मी बटण दाबलं. मग ते मागे गेले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तारेच्या घासणीने कुकर घासत बसले. त्या रात्री आम्ही चटणी-पोळी खाल्ली. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, एवढं मला आठवतं.

नव्या गेमला बसले तेव्हा पहिल्याच पानावर काही गोष्टी ठरवून द्यायच्या होत्या. आवाज किती, उजेड किती, आणि बोललेलं खाली अक्षरांत दाखवायचं का. त्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. मी ती काढून टाकली. रश्मीच्या भावाने काढली होती म्हणून काढली, रश्मी म्हणायची की अक्षरं बच्चे लोकांना लागतात. आणि खरं सांगायचं तर, खाली अक्षरं आली असती तर बाबा प्रत्येक वाक्याला थांब म्हणाले असते, डिक्शनरी काढली असती, आणि तेच रहाटगाडगं पुन्हा. बाबा स्टूल ओढून शेजारी बसले. आता माझी जागा त्यांची झाली होती. एक राजा काहीतरी गंभीर बोलला, बाबा माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. मी हसले की ते हसायचे, जरासे मागून. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "याच्यात खाली लिहून येत नाही का वं?"

मी म्हटलं, "नाही. नव्यात नसते तसं."

"असं का," म्हणाले. तीन संध्याकाळ ते तसे बसले. तिसऱ्या दिवशी रश्मी आली होती. तिच्यासमोर त्यांनी मला विचारलं, "हा काय म्हणून राहिला?" आणि मी तिच्याकडे पाहत म्हटलं, "बाबा, तुम्हाले नाही समजत इंग्रजी, सोडा नं." रश्मी हसली. बाबाही हसले. "हव, आपल्याले नाही जमत गा हे कडक इंग्रजी," असं म्हणून उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. मग रोज तिथंच बसायला लागले. ज्या माणसाने डिक्शनरी हातात धरून अख्खं ऑर्व्हेन वाचून काढलं होतं, ज्याची वही शब्दांनी भरत आली होती, त्याला इंग्रजी समजत नाही हे मी कसं मानलं? सगळा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता. कुकर होता, आवाज होता, वही होती. पण कारखान्यातला माणूस समजला नाही म्हणजे इंग्रजीच आडवं आलं असणार, हे आमच्याकडे कोणी तपासूनही पाहत नाही. बाबांनी तेच पुढे केलं. इंग्रजी न येण्यात लाज थोडी होती. कान जाण्यात मशीन जात होतं. पुढे दोन-तीन वर्षांनी त्यांनी स्वतःच पाठ दुखते म्हणून स्टोअरची जागा मागून घेतली. नवा गेम मी तोपर्यंत कधीच सोडून दिला होता. तो कसा संपतो तेही मला धड आठवत नाही.

मग आमच्या घरात बाबांच्या न ऐकण्याची सवयच झाली. वय झालं, असं म्हणायची सोय झाली. त्यांच्याशी बोलायचं ते ओरडून, आणि त्यांना सांगायचं नसेल ते त्यांच्या तोंडासमोर हळू आवाजात. मी तर यात पटाईत झाले. नोकरीचं टेन्शन, नवऱ्याशी झालेलं भांडण, सगळं त्यांच्या शेजारी बसून पुटपुटायचं. ते टीव्ही पाहत असायचे. अखेर गेल्या वर्षी आई म्हणाली, "टीव्ही हे पाहतात अन् ऐकते सारं प्रताप नगर," आणि मी सुट्टी काढून बाबांना कानाच्या तपासणीला घेऊन गेले.

तपासणारी मुलगी पंचविशीची होती, गोड. तिने मोठ्याने विचारलं, "आजोबा, ऐकू कमी येतंय हे पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?" मी आठ-दहा वर्षं म्हणणार होते. बाबा म्हणाले, "कुकर जळला होता आमच्या घरी, त्या दिवशी." मुलीला वाटलं, आजोबा काहीतरी भलतंच सांगत आहेत. पण ते तिला नीट सांगायला लागले, मी तिथं नसल्यासारखं. "ही माही पोरगी पलंगावर बसून होती. पुस्तक मांडीवर, अन् अंगठा पेरांवर चालून राहिला होता हिचा. मले वाटलं, पाढे म्हणून राहिली. मी शिट्टीची वाट पाहून राहिलो होतो. ते काही आली नाही. मंग धूर आला, अन् हिची माय आली, म्हणे शिट्ट्या ऐकू नाही आल्या का. तवा मी हिच्या हाताकडं पाह्यलं. अंगठा मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर होता. तीन अन् तीन सहा, अन् एक सात. म्हटलं, सात झाल्या गा, आपल्याले एक नाही आली."

मुलगी लिहायची थांबली. "मग घरी सांगितलं नाही तुम्ही?"

"काय सांगाव? आपलं सांगतलं असतं त् हिचं बी सांगाव लागलं असतं," बाबा म्हणाले. "पोट्टी होती. तिले नवं पाहिजे होतं."

मी जमिनीकडे पाहत होते. फरशी पांढरी होती, तीवर बारीक काळे ठिपके. इतकी वर्षं मी ती संध्याकाळ माझ्यापाशी दडवून ठेवली होती, आणि ती पहिल्या दिवसापासून त्यांच्यापाशी होती. मुलीने त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं बसवली, काय काय फिरवलं, बाहेर थोडा वेळ बसायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच. बाबा स्वतःची चप्पल फरशीवर घासून पाहत होते, खिशातला कागद चुरगाळून पाहत होते. "एवढं वाजते हे?" असं दोनदा म्हणाले. मला कुकरचं माफ झालं होतं, आणि ते माफ होणंच सोसवेना, कारण दुसरं अजून तसंच होतं. आणि सवय म्हणतात ती ही. त्यांच्या शेजारी बसून, समोरच्या भिंतीकडे पाहत, मी नेहमीसारखी अगदी हळू पुटपुटले, "नव्यातही खाली अक्षरं येत होती, बाबा. मीच बंद केली होती."

त्यांनी मान वळवली. मी विसरलेच होते की आता त्यांना ऐकू येतं.

"कुठी होतं ते बटन?" त्यांनी विचारलं. मशीनचा कुठला नट ढिला होता ते विचारावं, तसं.

"सेटिंगमध्ये होतं. पहिल्याच पानावर."

"हव का," बाबा म्हणाले. मग बराच वेळ ते खिशातला तो कागद उघडत होते, मिटत होते. "पहिल्याच पानावर होतं म्हणजे."